घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ पडतं, गार झाल्यावर पुन्हा ठीक: खरं कारण आणि योग्य ब्रेक ऑइल

तक्रार ठरलेली असते. गाडी शहरात व्यवस्थित थांबते, सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं असतं, पॅडही नवे असतात. मग चार माणसं आणि सामान घेऊन महाबळेश्वरहून पोलादपूरकडे किंवा कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरायला लागलं, की अर्ध्या घाटात पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागतं. पुढच्या दोन-तीन वळणांत ते मऊ पडतं, आणि एखाद्या वेळी थेट खाली टेकतं. कशीबशी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं, तर ब्रेक जसाच्या तसा परत. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "काही नाही साहेब, ब्रेक ओके आहे." पुढच्या घाटात पुन्हा तेच.

कराड-चिपळूण भागात ब्रेकचं काम करताना अशा गाड्या दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ओळीने येतात. त्यातल्या बहुतेकांचे पॅड एकदा-दोनदा बदलून झालेले असतात, काहींच्या डिस्कही घासून घेतलेल्या असतात. ब्रेक ऑइलबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं, "ते तर फुल आहे." फुल असतंच. पण डब्यातली पातळी आणि आतल्या ऑइलची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी कोणी बघितलेलीच नसते.

आधी नेमकं काय होतंय ते पाहा

ब्रेक 'लागत नाही' म्हणजे काय, हे पेडलच सांगतं. गार गाडीत पेडल ठणठणीत, घाटात गरम झाल्यावर खोल आणि मऊ, गार झाल्यावर पुन्हा ठणठणीत: हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण आहे. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पेडल वरच लागतंय, पायाला कडक लागतंय, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर ऑइलचा दोष नाही. पॅड अतितापलेले आहेत. गार झाल्यावर ते सुधारतात, पण चकाकी धरलेले पॅड बदललेलेच बरे.

गार असतानाही पेडल मऊ असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट ढिलं आहे. सिग्नलला पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, बाहेर कुठे गळती मात्र नाही, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या पंपाचे) रबर गेलेले आहेत. तिथे ऑइल बदलून भागणार नाही.

आणि पेडल अगदी दगडासारखं कडक झालं, तर बूस्टरला (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम मिळत नाहीये. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो आणि मग पूर्ण ताकद पायाने लावावी लागते. असं कधीही करू नका.

ऑइल उकळतं म्हणजे काय होतं

ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. ती किती, याचा अंदाज यावा म्हणून आंबेनळी घाटाचा हिशेब घ्या. महाबळेश्वर ते पोलादपूर हे सुमारे ४० किलोमीटरचं अंतर, उंचीतला फरक साधारण १३०० मीटर. माणसं आणि सामान धरून १३०० किलो वजनाची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात साधारण साडेसहा लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. यातला काही भाग हवा आणि टायर घेतात, गिअर खाली ठेवला तर मोठा भाग इंजिन घेतं. पण गाडी चौथ्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये सोडून सतत ब्रेकवर उतरवली, तर जवळजवळ सगळं डिस्क आणि ड्रमवर येतं. डिस्कमधून ती उष्णता पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि पिस्टनमागच्या ऑइलमध्ये जाते.

ताजं ऑइल हे सहन करतं. पण नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. डब्याच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून आणि रबरी होज पाइपच्या भिंतीतूनही ओल आत शिरते. पाणी मिसळत गेलं तसा ऑइलचा उत्कलनबिंदू उतरत जातो. एका मर्यादेनंतर घाटातली उष्णता त्याला पुरते आणि कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडलवर लावलेला जोर मग पॅडपर्यंत पोचतच नाही, तो बुडबुडे दाबण्यात संपतो.

यातल्या दोन बारकाव्यांमुळे लोक गोंधळतात. एक म्हणजे, पेडल दाबलेलं असताना लाइनमध्ये दाब भरपूर असतो, त्यामुळे उकळणं रोखलं जातं. पाय काढला, दाब उतरला, की बुडबुडे फुटतात. म्हणून या वळणावर ब्रेक ठीक लागतो आणि पुढच्याच वळणावर पेडल खाली जातं. दुसरं म्हणजे, घाटात चहाला थांबल्यावर ब्रेक लगेच गार होत नाहीत. चालत्या गाडीत चाकाला वारा लागत असतो, तो थांबतो आणि तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये मुरत राहते. थांबल्यानंतरची पहिली काही मिनिटं ऑइल उलट आणखी तापतं. पाच-सात मिनिटांचा चहा घेऊन निघालेल्या गाडीचं पहिलंच पेडल खाली गेलं, हे मी अनेक गाडीमालकांकडून ऐकलंय. थांबायचंच असेल तर अर्धा तास थांबा. आणि थांबायच्या आधी एखाद-दोन किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून, खालच्या गिअरवर गाडी आणा.

डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१: आकडे काय सांगतात

बाटलीवरचा 'डॉट' हा अमेरिकेच्या परिवहन खात्याचा दर्जा आहे. त्यात प्रत्येक प्रकारासाठी दोन किमान तापमानं ठरलेली आहेत: ताज्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू, आणि ३.७ टक्के पाणी मिसळल्यानंतरचा ओला उत्कलनबिंदू. डॉट ३ ला हे २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. हे किमान आकडे आहेत. चांगल्या कंपनीचं डॉट ४ प्रत्यक्षात यापेक्षा बरंच वर असू शकतं. ते बाटलीच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बघून घ्या.

आता हे आकडे आडवे नका वाचू, तिरपे वाचा. ताजं डॉट ३ हे २०५ अंशांपर्यंत टिकतं. पाणी प्यायलेलं डॉट ५.१ हे १८० च्या आसपास येऊ शकतं. म्हणजे कालच भरलेलं सगळ्यात साधं ऑइल, वर्षानुवर्षं न बदललेल्या सगळ्यात महागड्या ऑइलपेक्षा सरस ठरतं. कोणतं ऑइल घ्यावं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ते शेवटचं कधी बदललं याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

तरीही निवड करायचीच आहे, तर ती अशी करा. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण पुसा. त्यावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असं उमटवलेलं असतं, तो तुमच्या गाडीचा दर्जा. झाकणावर डॉट ४ असेल तर डॉट ३ घालू नका, चार पैसे वाचले तरी. झाकणावर डॉट ३ असेल तर डॉट ४ बिनधास्त चालतं, आणि घाटात जाणाऱ्या गाडीला मी तेच घालतो. दोन्ही ग्लायकॉल जातीचीच आहेत, एकमेकांत मिसळली तरी बिघाड होत नाही. फक्त मिश्रणाची ताकद मधलीच कुठेतरी राहते.

कोकणात, मुंबईत किंवा पश्चिम घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्या रोजच्या गाडीसाठी चांगलं डॉट ४, दर २ वर्षांनी पूर्ण बदललेलं, एवढं पुरेसं आहे. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, असंच लिहिलेलं असतं. 'आमची गाडी फिरतच नाही' हे कारण इथे चालत नाही. चार महिने पावसात उभ्या असलेल्या गाडीचं ऑइलही ओल शोषत राहतं.

डॉट ५.१ वाईट नाही, पण त्याचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. ते कडाक्याच्या थंडीत पातळ राहतं. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे बारीक व्हॉल्व्ह झटपट उघडझाप करतात, त्यांना पातळ ऑइल मानवतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे काही नव्या गाड्यांत 'लो व्हिस्कॉसिटी' डॉट ४ सांगितलेलं असतं. मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तेच घ्या. हिवाळ्यात लडाख-स्पिती करणाऱ्यांनी विचार करावा. पुणे-रत्नागिरी करणाऱ्याला त्याची गरज नाही.

डॉट ५ मात्र पूर्ण वेगळं आहे. नाव ५.१ च्या शेजारचं असलं तरी ते सिलिकॉनचं आहे, जांभळट रंगाचं. ते पाणी शोषत नाही, म्हणून ऐकायला छान वाटतं. पण आत शिरलेलं पाणी त्यात विरघळत नाही, सगळ्यात खालच्या जागी थेंबाने साचतं, आणि तिथे गंजही धरतो, वाफही होते. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, एबीएसच्या गाडीला ते चालत नाही. ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळतही नाही. ऑनलाइन मागवताना ५ आणि ५.१ मधला फरक डोळे उघडे ठेवून बघा.

सगळ्यात घातक चूक याहून साधी आहे. घाईत ब्रेकच्या डब्यात पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा इंजिन ऑइल ओतलं जातं. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगतात. मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र फुगलेल्या रबराने बंद झालं, की ब्रेक लागलेले सुटतच नाहीत. असं झालं असेल तर गाडी चालू करू नका, पेडल दाबू नका, टो करून न्या. पेडल दाबलं गेलं असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून होज पाइप, कॅलिपर किटपर्यंत रबराचं जे काही आहे ते सगळं बदलावं लागतं. दुकानात नुसतं 'ब्रेक ऑइल द्या' म्हणू नका, 'डॉट ४ ची सीलबंद बाटली द्या' म्हणा आणि झाकणाखालचं सील तुमच्यासमोर फुटू दे.

बदलूनही त्रास परत का येतो

इंजिन ऑइल फिरतं, कूलंट फिरतं. ब्रेक ऑइल फिरत नाही. ते लाइनमध्ये थोडंसं पुढे-मागे होतं, इतकंच. कॅलिपरमध्ये पिस्टनच्या मागे जे ऑइल आहे, ते तिथेच वर्षानुवर्षं बसून राहतं. आणि उकळतं तेच.

बिलावर 'ब्रेक ऑइल बदली' लिहिलेलं असतं, पण बरेचदा केलेलं असतं ते इतकंच: वरच्या डब्यातलं काळं ऑइल सिरिंजने ओढून काढलं आणि नवं ओतलं. डबा स्वच्छ दिसतो, पिवळसर ऑइल चकाकतं, मालक खूश. कॅलिपरमधलं जुनं ऑइल जागचं हललेलं नसतं. पुढच्या घाटात तेच उकळतं.

चिपळूणच्या एका गाडीवर हे स्पष्ट दिसलं. डब्यातलं ऑइल मधासारखं स्वच्छ, बदलून महिनाही झालेला नव्हता. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्लीडर निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावली आणि निपल पाव फेरा सैल केला. नळीत आलेलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं, त्यात बारीक काळे कण, आणि सुरुवातीला दोन बुडबुडे. मागच्या चाकांच्या निपलवर रबरी टोप्या नव्हत्या, दोन्ही गंजून जाम. ते उघडायचा प्रयत्नच कोणी केलेला नव्हता, कारण निपल तुटला तर व्हील सिलिंडर (ड्रममधले लायनर दाबणारा भाग) बदलावा लागतो आणि मेकॅनिक ती जोखीम टाळतो. किनारपट्टीच्या गाड्यांत हे फार आढळतं. उपाय आहे: आदल्या संध्याकाळी निपलच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मारून ठेवायचा, तो पॅड, लायनर आणि डिस्कवर उडू द्यायचा नाही, आणि सकाळी नेमक्या मापाच्या रिंग पान्याने, हलके हिसके देत सोडवायचं. उघड्या पान्याने निपलच्या कडा गोल होतात.

पूर्ण बदल असा होतो. डब्यातलं जुनं ऑइल ओढून काढायचं, डबा न सांडता पुसायचा, नवं भरायचं. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते साधारणपणे मागचं डावं असतं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघावं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडायचा, ऑइल बाहेर आलं की निपल बंद करायचा, मगच पाय उचलायचा. क्रम चुकला तर हवा आत ओढली जाते. प्रत्येक चाकाला नळीतून नवं, स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करायचं. मधे डबा रिकामा होऊ द्यायचा नाही. झालाच तर हवा एबीएसच्या युनिटपर्यंत जाते आणि ती काढायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लागू शकतो. स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालतात, त्यांना स्कॅनरशिवाय हात लावू नये.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत मारत राहू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर कधी पोचत नाही तिथे गंजाचे कण साचलेले असतात, त्यावर रबर घासून फाटतं आणि चांगला सिलिंडर खराब होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

काम नीट झालं का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे किती ऑइल लागलं. छोट्या गाडीलाही अर्धा लिटर तरी जातं, मोठ्या गाडीला लिटरपर्यंत. पाव लिटरच्या बाटलीत 'पूर्ण बदल' झाला असं कोणी म्हणालं तर तो झालेला नाही. उरलेली फोडलेली बाटली घरी आणून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, ती फडताळातही ओल पिते. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पेंट सोलवटतो.

रंग बघून ऑइल चांगलं की वाईट ठरवू नका. काळं ऑइल जुनं असतंच, पण पिवळं ऑइल कोरडं असेलच असं नाही. पेनसारखे टेस्टर मिळतात, ते ऑइलची विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज देतात. प्रत्येक कंपनीचं रसायन वेगळं असल्याने त्यावर फार विसंबू नका, आणि डब्यातला नमुना कॅलिपरमधल्या ऑइलबद्दल काही सांगतही नाही. प्रत्यक्ष उकळून बघणारं उपकरण असेल तर उत्तम. नाहीतर सरळ तारखेवर चाला.

पातळी कमी झाली तर लगेच टॉप-अप करू नका

पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागे जास्त ऑइल जातं, डब्यातली पातळी उतरते. म्हणजे पातळी हळूहळू उतरणं ही पॅड संपत आल्याची सूचना आहे. त्यावर ऑइल ओतलं की सूचना झाकली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे गेले की डबा वाहतो. पातळी अचानक उतरली तर मात्र गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजू, मास्टर सिलिंडरची मागची बाजू आणि हायड्रॉलिक क्लच असेल तर क्लचची लाइनही तपासा. बऱ्याच गाड्यांत क्लचला याच डब्यातून ऑइल जातं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही लागलेला असेल तर गाडी तिथेच थांबवा.

घाटातच पेडल गेलं तर

पेडल भराभर पंप करा, वाफ दाबली जाऊन थोडा ब्रेक मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत केबलवर चालतो, ऑइलवर नाही, म्हणून तो शाबूत असतो. दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर चाकाला दगड लावा, निघताना तो रस्त्यावर सोडू नका. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. ब्रेक परत आला तरी ते ऑइल पुन्हा उकळणारच आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि त्याच दिवशी ऑइल बदला.

मुळात घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलेला असतो. ब्रेक सतत चाटत ठेवण्यापेक्षा ठाम दाबून वेग उतरवा आणि सोडून द्या, मधे डिस्कला वारा लागू द्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: वर हॉटेलात बॅटरी पूर्ण १०० टक्के भरून उतरायला लागलात, तर रीजनरेशनची (उतारावर मोटरने वेग कमी करताना तयार होणारी) वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. उतरण्याआधी थोडी जागा रिकामी ठेवा.

नवं ऑइल, नीट बदललं, तरीही उकळतंय

मग एखादं चाक ब्रेक सोडतच नाहीये. चार-पाच किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवून, फारसा ब्रेक न मारता थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेलं असेल तर तिथे कॅलिपरच्या पिना सुकून जाम झाल्यात, पिस्टनवर गंज आहे किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवलं की लगेच कळतं. सतत घासणारा पॅड चांगल्यातलं चांगलं डॉट ५.१ सुद्धा उकळवतो.

सगळी चाकं मोकळी फिरत असतील तर होज पाइप बघा. एकाने इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबायचं, दुसऱ्याने टॉर्च लावून चारही रबरी होज निरखायचे. जुना होज दाबाखाली फुगताना डोळ्यांनी दिसतो. आतून सुजलेला होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि चाकाकडे गेलेलं ऑइल परत येऊ देत नाही, त्यामुळे पॅड घासतच राहतात. ब्रेक मारून सोडल्यावर चाक अडकलेलं राहिलं आणि त्या चाकाचा ब्लीडर निपल उघडताच मोकळं झालं, तर होजच गेलाय. होज नेहमी जोडीने बदला, आणि त्यानंतर पुन्हा एकदा चारही चाकांतून नवं ऑइल काढून घ्या.